खाप्याचे सत्तावीस हौशी

आमच्या रायफल क्लबाचे अध्यक्ष मला म्हणाले, "नागपूरला जाऊन आलात, मंत्र्यांना भेटलात, काम फत्ते केलंत. आता वार्षिक अंकासाठी एक खुसखुशीत प्रवासवर्णन होऊन जाऊ द्या. संत्री, थंडी, तिकडचा पाहुणचार, असं काहीतरी." मी हो म्हणालो. तेव्हा माझी एकच खेप झाली होती. नंतर दुसरीही झाली. संत्री, थंडी आणि पाहुणचार या लेखात आहेत. खुसखुशीतपणा मात्र मला साधलेला नाही. लेख छापायचा की नाही हे अध्यक्षांनी ठरवावं.

हा अंक सभासदांच्या घरची मंडळीही वाचतात, म्हणून आधी थोडं सांगतो. आम्ही एकोणीस जण. दर रविवारी सकाळी पुण्याबाहेर एका टेकडीच्या पायथ्याशी पालथे पडून पन्नास मीटरवरच्या कागदावर गोळ्या झाडतो. शिकारबंदीचा कायदा आला त्याच्या आधीही आम्ही कागदच मारत होतो. मी क्लबाचा चिटणीस, एरवी शाळेत मराठी शिकवतो. आमचं दुखणं असं की वर्षाची काडतुसं तीन रविवारांत संपतात, परवान्याच्या नूतनीकरणाला महिनोन्महिने खेटे घालावे लागतात, आणि स्पर्धेसाठी दुसऱ्या जिल्ह्यात रायफल न्यायची तर दर वेळी नवी परवानगी. शस्त्रांचा कायदा दिल्लीचा, पण राज्याने शिफारस केली तर काहीतरी हलेल, म्हणून हिवाळी अधिवेशनात नागपूरला जाऊन मंत्र्यांना निवेदन द्यायचं ठरलं. निवेदन मी लिहिलं. आमच्यासारख्यांना इंग्रजीत जे लांबलचक नाव आहे त्याला मी 'हौशी नेमबाज' असा सुटसुटीत मराठी शब्द काढला आणि दोन दिवस त्याच्यावर खूष होऊन हिंडलो.

धरमपेठ

नागपुरात मी श्रीधरपंतांकडे उतरलो. हे माझ्या बायकोचे मावसभाऊ, एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. भोसल्यांच्या वेळेपासून घराणं नागपुरात, त्यामुळे त्यांच्या मराठीत हिंदी अशी मिसळलेली की ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते त्यांनाही ठाऊक नाही. मला ते जावईबापू म्हणतात. पुण्यात पाहुण्याला "चहा घेणार का?" असं विचारून त्याची परीक्षा पाहतात. इथे शकूवहिनींनी, म्हणजे पंतांच्या बायकोने, मी चपला काढायच्या आत "चहा मांडला आहे" म्हणून सांगितलं. थंडी अशी की पुण्याहून आणलेला माझा स्वेटर वहिनींनी हातात धरून पाहिला आणि पंतांची शाल आणून दिली.

जेवताना त्यांनी स्वयंपाकघरातून विचारलं, "जावईबापू, भाजीत सांबार चालतं ना?" मी नेमबाज माणूस, माझ्या डोळ्यांपुढे सांबराची शिंगं उभी राहिली. म्हटलं, "वहिनी, बंदी आहे हो त्याच्यावर!" पंत घास हातात धरून हसत सुटले. सांबार म्हणजे इकडे कोथिंबीर. मराठीच्या मास्तराची अशी विकेट पहिल्याच जेवणात पडली. परक्या मुलखात शब्द जपून वापरावा, एवढं तरी मला त्या जेवणात कळायला हवं होतं. मी भरीत मात्र तीनदा मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पंत कचेरीतून तोंड पाडून आले. "गडबड झाली, जावईबापू. मंत्र्यांच्या माणसाला भेटलो. तो म्हणून राहिला, एकोणीस सह्यांचं निवेदन घेऊन काय करू? बाहेर हजारांचे मोर्चे येऊन राहिले. चाळीस तरी सह्या आणा, मग पाच मिनिटं देतो."

"इथे आणखी नेमबाज कुठून आणू?"

"काहून घाबरता? खाप्याला घरोघर बंदुका आहेत. माझा एक ओळखीचा शेतकरी आहे तिथं. बढिया माणूस."

मला तेव्हा खरंच आनंद झाला. बंदुका आहेत म्हणजे नेमबाज आहेत, इतका सरळ हिशेब मी केला.

खापा

एसटीने निघालो. खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या बराच वेळ खिडकीत राहिल्या, मग तुरीची शेतं आणि संत्र्यांच्या बागा सुरू झाल्या. खापा कन्हान नदीवर आहे. गाव म्हणावं तर नगरपालिका आहे, शहर म्हणावं तर भर चौकात बंड्या सोडलेल्या. बंडी म्हणजे बैलगाडी.

पंतांचे ओळखीचे शेतकरी म्हणजे नथ्थूजी. साठीच्या आसपासचे, उंच, अंगावर बंडी... इथे बंडी म्हणजे आपली बिनबाह्यांची बंडी, मला पुन्हा गोंधळ नको. चौथीपर्यंत शिकलेले. मी शाळेत शिकवतो हे कळल्यावर ते खाटेवरून उठले आणि मला तिच्यावर बसवून स्वतः खाली बसले. "गुरुजी आले आमच्या घरी," असं त्यांनी आत बायकोला, अंजनाबाईंना, दोनदा सांगितलं. सोलेभात झाला. तुरीच्या ओल्या दाण्यांचा हा भात पुण्यात मिळत नाही, आणि मिळाला तरी त्याच्यावर इतकं कच्चं तेल ओतून घ्यायची कोणाची छाती होणार नाही.

त्यांची बंदूक भरमार, म्हणजे तोंडातून दारू आणि छर्रे ठासायची. सरकारने ती पीक राखण्यासाठी दिलेली, परवान्यावर तसं लिहिलेलं. नदीकाठच्या वावरात त्यांचा हरभरा होता आणि त्याच्यावर रानडुकरांचा आणि रोह्यांचा डोळा होता. रोही म्हणजे नीलगाय. शिकारबंदी आल्यापासून जनावराला मारायचं नाही, नुसता हवेत बार काढून पळवायचं. "आवाजालेच भेतात जी ते," नथ्थूजी म्हणाले. "डबा वाजवला त पाहात राहातात. बंदूक वाजली का पयतात."

मला ती बंदूक चालवून पाहायची हुक्की आली. दारू मोजकीच मिळते, हे त्यांनी बोलण्यात सांगितलं होतं, तरी आली. पाहुण्याला नाही कसं म्हणायचं! त्यांनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, एक फुटकं मडकं ठेवलं, बंदूक ठासून माझ्या हातात दिली. मी क्लबातल्या सवयीने हरभऱ्यात पालथा पडलो. "गुरुजी झोपले का जी?" बघायला जमलेल्यांपैकी कोणीतरी विचारलं. चाप ओढला, काहीच झालं नाही म्हणून मी मान वर केली आणि तेवढ्यात बार उडाला. मडकं जागच्या जागी. माझा चष्मा हरभऱ्यात, तोंड काळं. सगळे पोट धरून हसले, मीही हसलो. नथ्थूजींनी चष्मा शोधून धोतराच्या सोग्याने पुसून दिला.

मग मी कागद काढला. ओसरीवर पाचसात जण जमले होते. नथ्थूजींनी निवेदन हातात घेतलं, ओळीखाली बोट ठेवून मनातल्या मनात वाचलं आणि पहिल्याच शब्दाला अडले.

"गुरुजी, हौशी मंजे का जी?"

"हौशी म्हणजे ज्याला मनापासून आवड आहे तो. पोटासाठी नाही, आनंदासाठी करणारा."

"मले बंदुकीची हौस नाही जी. मले झोपीची हौस हाये." पुन्हा हशा झाला. मग ते गंभीरपणे म्हणाले, "मंग आम्ही याच्यात बसतो का?"

मला उत्तर ठाऊक होतं. ते आमच्यात बसत नव्हते, आम्ही त्यांच्यात बसत नव्हतो. पण मला एकवीस सह्या हव्या होत्या. मी म्हणालो, "बसता ना. ज्याच्याकडे परवान्याची बंदूक तो नेमबाज. हौशी हा नुसता शब्द आहे, मराठीत बरा दिसतो म्हणून घातला."

"आन् लायसन नवं करायचं? नागपूरच्या चकरा वाचतीन का?"

"दुसरं कलम त्याचंच आहे."

हे खरं होतं. त्या एका खऱ्यावर मी बाकीचं सगळं रेटून नेलं. दारात उभ्या असलेल्या अंजनाबाई तेवढ्यात म्हणाल्या, "याच्यात डुकराचं कुठी लिवलं हाये?"

"तू गप वं," नथ्थूजी म्हणाले, "गुरुजीले समजते."

मी हसून म्हणालो, "ते लिहायचं नसतं बाई. मंत्री समजून घेतात."

नथ्थूजी माझ्याबरोबर घरोघर हिंडले. दर दारात "पुण्याचे गुरुजी हायेत, आपल्या लायसनचं काम हाये" असं सांगत होते. संध्याकाळपर्यंत सत्तावीस सह्या आणि अंगठे झाले. निवेदन भरदार दिसावं म्हणून मी प्रत्येकापुढे परवान्याचा नंबरही लिहून घेतला. निघताना अंजनाबाईंनी पिशवीभर संत्री दिली. एसटीत बसून मी आणि पंतांनी त्यातली निम्मी संपवली आणि साली खिडकीबाहेर टाकत मी सह्या पुन्हा पुन्हा मोजल्या.

विधानभवन

अधिवेशनाच्या दिवसांत नागपूर म्हणजे मांडवच. शिक्षक, गिरणीवाले, विणकर, जो तो झेंडा घेऊन आलेला. टाय लावून गेलेले मी आणि पंत त्या गर्दीत वराकडचे चुकलेले पाहुणे दिसत होतो. पास मिळवायला दुपार गेली. मंत्र्यांच्या दालनाबाहेर एका अधिकाऱ्याने निवेदन मागून घेतलं आणि उभ्याउभ्या चाळलं. माणूस हुशार होता. सह्यांच्या पानावर आल्यावर त्याने चष्मा वर केला.

"खाप्यात सत्तावीस हौशी नेमबाज?"

"हो."

"नंबरांवरून हे परवाने पीकसंरक्षणाचे वाटतात. हे शेतकरी आहेत का हौशी आहेत?"

त्याने शांतपणे विचारलं होतं. मला खरं सांगायला भरपूर वेळ होता. "शेतकरी आहेत, मी त्यांना आमच्यात ओढलं" एवढंच म्हणायचं होतं. मग सह्या एकोणीस उरल्या असत्या आणि आम्ही दाराबाहेरून परत फिरलो असतो. आतून घंटा वाजली. मी म्हणालो, "हौशीच. मी त्यांचा नेम स्वतः पाहिला आहे."

त्यांनी माझा नेम पाहिला होता. मी त्यांच्यापैकी एकाचाही पाहिला नव्हता. अधिकाऱ्याने समासात काहीतरी लिहिलं आणि आम्हाला आत सोडलं.

मंत्री छान बोलले. तरुणपणी आपणही एअरगन चालवल्याचं सांगितलं, काडतुसांचा प्रश्न मार्गी लावतो म्हणाले, फोटो काढला. तोच फोटो आपल्या क्लबात कॅरम बोर्डाच्या वर लावला आहे. बाहेर आल्यावर पंतांनी मला पाटोडीचा रस्सा खाऊ घातला. इतका जाळ की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्यासकट मी पुण्याला विजयी होऊन परतलो. काडतुसांचा वाढीव कोटा मंजूर होण्याच्या वाटेवर असल्याचं पत्र जानेवारीत आलं. अध्यक्षांनी पेढे वाटले.

दुसरी खेप

त्यानंतर पंतांचं कार्ड आलं. नेहमी त्यांच्या कार्डात चार विनोद असतात. या वेळी एवढंच होतं: "खाप्याच्या सत्तावीस जणांच्या बंदुका ठाण्यात जमा करून घेतल्या. तुम्ही या."

मी लगेच गेलो नाही. चाचणी परीक्षा आहे असं स्वतःला सांगितलं. परीक्षा होती, पण पेपर तपासायला दुसरे मास्तर होते. तीन आठवडे मी ते कार्ड पुस्तकात घालून हिंडलो आणि दुसरं कार्ड आल्यावर निघालो. निघण्याआधी अध्यक्षांना भेटलो. ते म्हणाले, "जरूर मदत करा, पण क्लबाला धक्का लागेल असं काही लिहून देऊ नका. कोटा अजून हातात नाही." मी त्यालाही हो म्हणालो.

खाप्याला एकटाच गेलो. नथ्थूजी वावरात होते. हरभरा घाट्यांनी भरायची वेळ, आणि निम्मं रान उकरलेलं. उपटलेली रोपं तशीच वाळत पडली होती. बाकीच्या निम्म्यात ते आणि अंजनाबाई उरलेलं तोडून घेत होते, हिरवंच, जनावरांच्या आधी म्हणून. मला पाहून त्यांनी "या गुरुजी" म्हटलं आणि हात धुतले.

झालं होतं असं. समासातला तो शेरा खाली सरकत सरकत आला आणि सत्तावीस जणांना नोटिसा निघाल्या. आपण हौशी नेमबाज असल्याचं आपण स्वतः लेखी दिलं आहे. परवाना पीक राखण्यासाठी आहे, हौसेसाठी नाही. सबब शस्त्र जमा करावं आणि खुलासा द्यावा. कायद्याने पाहिलं तर एकही शब्द चुकीचा नव्हता. माझाच शब्द उचलून माझ्याइतक्याच काटेकोरपणे त्यांनी वापरला होता.

"म्या ठाण्यात सांगतलं, साहेब, आमाले कायची हौस," नथ्थूजी म्हणाले. "त त्यायनं कागद दाखवला. सही तुमची हाये का? मनलं, हाये."

"बाकीचे काय म्हणतात?"

त्यांनी खाली पडलेलं एक रोप उचललं. अंजनाबाई बोलल्या. "का मनतीन? सवीस जन हायेत. यायच्या शब्दावर सह्या देल्या सगळ्यायनं. आता पारावर बसाले गेले त लोक उठून जातात. याच्या सख्ख्या भावानं बोलनं सोडलं."

मी त्या वावरात उभा होतो आणि मला कुठे पाहावं ते कळत नव्हतं. वर्गात चुकलेल्या पोराला मी नेहमी म्हणतो, माझ्याकडे बघून बोल. मला त्या दिवशी ते जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे नागपूरच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून भला होता. म्हणाला, "ज्यानं सह्या घेतल्या, त्यानं खरं काय झालं ते लिहून दिलं तर फाइल हलते. लवकर नाही, पण हलते." आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. मी कागद मांडीवर घेतला आणि लिहिलं. लिहिण्यात मी वाकबगार. कोणालाही धक्का न लावता वाक्य कसं करायचं हे मी पोरांना वीस वर्षं शिकवतो आहे. "सदर शेतकऱ्यांस 'हौशी' या शब्दाचा अर्थ नीट न उमगल्याने गैरसमजुतीने त्यांच्या सह्या झाल्या असून..." असा तो अर्ज होता. त्यात मी नव्हतो, क्लब नव्हता. सह्या आपोआप झाल्या होत्या.

नथ्थूजींनी कागद मागितला. ओळीखाली बोट ठेवून वाचला. मग बोट तिथंच ठेवून ते माझ्याकडे वळले.

"गुरुजी, अर्थ त म्या इचारला होता."

रागावून म्हणाले असते तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ते रागावले नव्हते. त्यांना खरोखर वाटलं होतं की मी विसरलो असेन, म्हणून आठवण करून देत होते. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि ती वाटायला त्यांना तोंड उघडावं लागलं, याची आणखी लाज वाटली. एका माणसाने सही करण्याआधी शब्दाचा अर्थ विचारला होता, मराठीच्या मास्तराला विचारला होता. जाणत्या माणसाने जे करायला हवं तेच त्याने केलं होतं. आणि आता मी सरकारला कळवत होतो की त्याला कळलं नाही.

तो कागद मी फाडला. दुसरा घेतला. त्यात असं लिहिलं: नथ्थूजींनी मला अर्थ विचारला. मी तो आधी खरा सांगितला, आणि ते त्यात बसत नाहीत हे दिसल्यावर खोटा सांगितला. मला सह्यांचा आकडा हवा होता. अधिकाऱ्यांनी विचारलं तेव्हाही मी खोटं बोललो. हे सत्तावीस जण शेतकरी आहेत, बंदूक त्यांना पीक राखायला लागते, त्यांना नेमबाजीची हौस नाही. खाली नाव, शाळा, क्लबातलं पद आणि सही.

नथ्थूजींनी तोही वाचला. "आता डुकराचं लिवा," ते म्हणाले. मी डुकरांचं लिहिलं, रोह्यांचंही लिहिलं, किती रान उकरलं तेही लिहिलं. त्यांनी मान हलवली आणि कागद कारकुनाला स्वतः नेऊन दिला.

सभासदांना आता कळवायला हवं की त्या अर्जामुळे आपल्या निवेदनाची फाइल परत मागवली गेली आहे. कोट्याचं काय होईल मला सांगता येत नाही. चिटणीसपदाचा राजीनामा मी दिला आहे. आपल्या मागण्या चुकीच्या होत्या असं मला आजही वाटत नाही. त्या आपल्या एकोणीस सह्यांवर मागायच्या होत्या, दालनात जाता आलं नसतं तरी. खाप्याच्या बंदुका चौकशीनंतर परत मिळतील असं कारकून म्हणाला, म्हणजे पुढच्या हरभऱ्याला मिळाल्या तर मिळाल्या.

कचेरीतून नथ्थूजी मला एसटी स्टँडवर घेऊन आले. त्यांची खाप्याची गाडी लागलेली होती, पण मला धरमपेठेकडे जाणारी बस दाखवायला ते थांबले. बस आली. मी पायरीवर चढलो, वळलो, हात जोडले आणि म्हणालो, "येतो."

त्यांनीही हात जोडले.

"जा, गुरुजी," ते म्हणाले.